चित्रांची सोडत, मुलांची सोडत

एखाद्या चित्रकाराने आपली चित्रे देऊन त्यांच्या मोबदल्यात अनाथाश्रमासाठी, रुग्णालयासाठी किंवा वसतिगृहासाठी पैसा उभा केला, की त्याची वाखाणणी दोन शब्दांत उरकली जाते : थोर दातृत्व. हे दोन शब्द उच्चारले की समीक्षकाचे काम संपले असे मानले जाते. चित्राबद्दल बोलायचे नाही, कारण ते सत्कार्यासाठी दिलेले आहे. सत्कार्याबद्दल बोलायचे नाही, कारण तो कलेचा प्रांत नव्हे. अशा रीतीने दोन्ही गोष्टी चिकित्सेतून सुटतात.

ही सूट मला मान्य नाही. पवित्र म्हणून डोक्यावर घेतलेली प्रत्येक गोष्ट तपासून पाहण्याची सवय जोतीरावांनी आणि बाबासाहेबांनी आपल्याला लावली. दान ही तर आपल्या समाजातली फार जुनी पवित्र गोष्ट. वरच्याला दिली तर ती दक्षिणा होते आणि देणाऱ्याला पुण्य मिळते. खालच्याला दिले तर ते शिळे तुकडे होतात आणि घेणाऱ्याने हात लांब ठेवायचा असतो. ज्यांच्या आईबापांनी असे तुकडे झेलले, त्यांनी ‘दान’ हा शब्द ऐकताच टाळ्या वाजवाव्यात, असा आग्रह कोणी धरू नये.

या तपासणीसाठी मी उदाहरण घेतो ते अठराव्या शतकातल्या लंडनचे. चित्रकार विल्यम होगार्थ (१६९७–१७६४) आणि फाउंडलिंग हॉस्पिटल ही संस्था यांच्यातला व्यवहार हे ते उदाहरण. इथे ‘हॉस्पिटल’ म्हणजे रुग्णालय नव्हे, टाकून दिलेल्या मुलांचे आश्रयगृह. चित्रांच्या मोबदल्यात धर्मादाय निधी या प्रकाराचे इतके उघड आणि इतके जुने उदाहरण दुसरे क्वचितच सापडेल.

थॉमस कोरम हा जहाजे बांधणारा, समुद्रावर आयुष्य काढलेला माणूस. अमेरिकेतल्या वसाहतीत काही वर्षे राहून तो लंडनला परतला, तेव्हा रस्त्याच्या कडेला टाकलेली मेलेली आणि मरणाच्या दारातली अर्भके त्याच्या नजरेस पडू लागली. या मुलांसाठी आश्रयगृह असावे म्हणून तो सतरा वर्षे दारोदार हिंडला. अनौरस मुलांना आसरा दिला तर व्यभिचाराला उत्तेजन मिळेल, ही प्रतिष्ठितांची हरकत होती. ही हरकत आपल्या ओळखीची आहे. अखेर खानदानी स्त्रियांच्या सह्या त्याने मिळवल्या आणि १७३९ साली राजाची सनद मिळाली. १७४१ साली पहिली मुले दाखल झाली.

होगार्थ सुरुवातीपासून या संस्थेचा एक विश्वस्त होता. तो खानदानी नव्हता. त्याचा बाप शाळामास्तर. कर्ज फेडता आले नाही म्हणून तुरुंगात गेलेला. होगार्थ स्वतः चांदीच्या भांड्यांवर नक्षी कोरणाऱ्याच्या हाताखाली उमेदवारी करून वर आला. १७४० साली त्याने कोरमचे मोठे व्यक्तिचित्र रंगवून संस्थेला भेट दिले. १७४६च्या अखेरीस इतर चित्रकारही पुढे आले. हेमन, हायमोर, रॅम्झी आणि पुढे कोवळ्या वयाचा गेन्सबरो यांनी चित्रे दिली. लंडनमध्ये तेव्हा चित्रांचे सार्वजनिक प्रदर्शन ही गोष्टच नव्हती. रॉयल अकॅडमी निघाली ती १७६८ साली. त्यामुळे पैसेवाले लोक चित्रे पाहायला आश्रयगृहात येऊ लागले, आणि आले की देणगी देऊ लागले. संगीतकार हँडेलने आपल्या ‘मसाया’चे प्रयोग तिथे करून या गर्दीत भर घातली.

म्हणजे हा व्यवहार एकतर्फी नव्हता. संस्थेला प्रेक्षक आणि पैसा मिळाला. चित्रकारांना भिंती आणि गिऱ्हाईक मिळाले. परदेशी चित्रांच्या वेडाने पछाडलेल्या सरदारांना, इंग्रज माणूसही चित्र काढू शकतो हे दाखवण्याची जागा होगार्थला हवी होती. ती त्याने मिळवली. यात मला गैर काही दिसत नाही. उलट, ज्यात देणाऱ्यालाही काही मिळते आणि तो ते लपवत नाही, असा व्यवहार पुण्याच्या हिशेबापेक्षा स्वच्छ असतो. पण मग त्याला दान म्हणू नये, देवघेव म्हणावे. आणि देवघेव म्हटले की तिसऱ्या पक्षाचा प्रश्न येतो. ज्या मुलांच्या नावाने ही देवघेव चालली, ती मुले आणि त्यांच्या आया या व्यवहारात कुठे होत्या?

याचे उत्तर आधी चित्रांत शोधू. कोरमचे व्यक्तिचित्र पाहावे. खांब, पडदा, खुर्ची असा सगळा सरंजाम सरदारांच्या चित्रांतला आहे. पण मध्ये बसलेला माणूस मात्र लाल कोट घातलेला, विग न लावलेला, स्वतःच्या पांढऱ्या केसांचा, कामाने रापलेल्या चेहऱ्याचा म्हातारा आहे. हातात सनदेची मोहोर, पायाशी पृथ्वीचा गोल, मागे जहाजे. खुर्ची मोठी आणि माणूस बुटका, त्यामुळे पाय जेमतेम जमिनीला टेकतात. जी चौकट राजेलोकांसाठी राखीव होती, तिच्यात होगार्थने कष्टकरी माणूस आणून बसवला. हे विधान आहे, आणि ते ठामपणे केलेले आहे.

दुसरे चित्र १७४६चे : मोशेला फारोच्या मुलीपुढे आणले जाते तो प्रसंग. बायबलमधली कथा अशी की नदीत सोडलेला मोशे फारोच्या मुलीला सापडतो आणि दाई म्हणून त्याच्या खऱ्या आईलाच कामावर ठेवले जाते. राजकन्या ऐसपैस रेललेली, हात पुढे केलेली. लहानगा मोशे बावरून आईच्या वस्त्राला बिलगलेला. आणि आईच्या तळहातावर कारभारी दाईपणाची मजुरी मोजून ठेवतो आहे. याच प्रसंगाचे गोड चित्र सहज काढता आले असते. होगार्थने आईच्या हातात नाणी ठेवली. आपल्याच मुलाला वाढवल्याची मजुरी घेऊन त्याला परके करायचे, हा आश्रयगृहाच्या पायाशी असलेला सौदा त्याने विश्वस्तांच्या बैठकीच्या दालनातच टांगून ठेवला. राजकन्येच्या मागे कुजबुजणारी काळी दासीही आहे. तिला मात्र होगार्थ कथा देत नाही. ज्या लंडनची श्रीमंती गुलामांच्या व्यापारावर पोसली होती, तिथल्या चित्रात ती सजावटीपुरतीच येते.

तिसरे चित्र ‘फिंचलीकडे निघालेले सैनिक’. १७४५च्या बंडाच्या वेळी राजाचे सैनिक मोहिमेवर निघाले आहेत; पण शिस्त नाही, शौर्य नाही, दारू आहे, चोरी आहे, कुंटणखाना आहे. मध्यभागी एक तरुण सैनिक, आणि त्याचा दंड धरून उभी असलेली गाणी विकणारी गरोदर मुलगी. दुसऱ्या बाजूने दुसरी बाई त्याला ओढते आहे. तो निघून जाणार आहे आणि ही मुलगी मागे राहणार आहे. तिचे मूल उद्या कोणत्या दारात येणार हे सांगायला नको. राजा दुसऱ्या जॉर्जला हे चित्र रुचले नाही. होगार्थने त्याचे छापील चित्र प्रशियाच्या राजाला अर्पण केले.

हेच चित्र १७५० साली आश्रयगृहाकडे आले, ते सोडतीने. छापील चित्र घेणाऱ्याने थोडे अधिक शिलिंग भरले की मूळ चित्राच्या सोडतीत त्याचा एक क्रमांक. १८४३ क्रमांक विकले गेले. उरलेले १६७ क्रमांक होगार्थने आश्रयगृहाला देऊन टाकले. ३० एप्रिल १७५० रोजी सोडत निघाली. १९४१ हा क्रमांक लागला, आणि तो आश्रयगृहाचा होता.

होगार्थच्या चरित्रात ही गोष्ट मोठ्या कौतुकाने सांगितली जाते. त्याच इमारतीत दुसरीही एक सोडत चालत होती, तिची आठवण त्या कौतुकाशेजारी ठेवली पाहिजे. जागा थोड्या आणि आया फार, म्हणून १७४२ पासून मुलांची निवड चेंडू काढून होत असे. मूल कडेवर घेतलेली आई पिशवीत हात घालायची. पांढरा चेंडू निघाला तर तपासणीत निरोगी ठरलेले मूल आत. लाल निघाला तर थांबायचे. पांढरा चेंडू मिळालेले एखादे मूल रोगी म्हणून नाकारले गेले तर त्याच्या जागी हिला संधी. काळा निघाला तर मूल घेऊन परत रस्त्यावर. आणि हा सोहळा पाहायला शहरातल्या श्रीमंत स्त्रिया येऊन बसत.

चित्राची सोडत हरलेल्या माणसाचे थोडे शिलिंग गेले. त्याच्या हातात छापील चित्र तरी उरले. काळा चेंडू निघालेल्या बाईच्या हातात काय उरले? एकाच छताखालच्या या दोन सोडती शेजारी ठेवल्या म्हणजे दानाचे स्वरूप उघड होते. दान हे देणाऱ्याच्या सोयीने मोजले जाते. जिथे हक्क नाही तिथे नशीब असते, आणि नशिबाचा खेळ पाहायला प्रेक्षक असतात.

‘त्या काळाच्या मानाने हे पुढचे पाऊल नव्हते का?’ असे विचारले जाईल. होते. रस्त्यावर मरण्यापेक्षा छप्पर बरे, हे मी नाकारत नाही. होगार्थही चित्र देऊन मोकळा झालेला माणूस नव्हता. चिझिक इथल्या दायांकडे दिलेल्या मुलांवर त्याने आणि त्याच्या पत्नीने देखरेख केली, निपुत्रिक असलेल्या त्या जोडप्याने आश्रयगृहातली मुले घरी सांभाळली. पण संस्था कुणाच्या हाती गेली तेही पाहावे. सहकारी विश्वस्तांशी खटका उडालेला कोरम १७४२ सालीच कारभारातून बाहेर पडला. त्याचे म्हातारपण मित्रांनी काढलेल्या वर्गणीवर गेले. मेल्यावर मात्र संस्थेच्या प्रार्थनामंदिरात त्याला सन्मानाने पुरले. संस्थापकाचा पुतळा ठेवायचा आणि संस्थापकाला घालवायचा, हा खेळ सगळ्या चळवळींनी लक्षात ठेवावा असा आहे.

आणि मुले? दाखल होताच त्यांचे जुने नाव पुसून नवे नाव दिले जाई. आईने ओळखीसाठी एखादे बटण, अर्धे नाणे, कापडाचा तुकडा ठेवायचा. १७४१ ते १७६० या काळात सोळा हजारांवर मुले दाखल झाली. परत नेली गेली ती जेमतेम दीडशे. १७५६ साली संसदेने पैसा दिला आणि येईल ते मूल घेण्याची अट घातली. चार वर्षांत सुमारे पंधरा हजार मुले आली आणि त्यांपैकी दोन तृतीयांशांहून अधिक दगावली. दाया, औषधे, जागा यांची तजवीज वाढवण्याऐवजी १७६० साली संसदेने हात काढून घेतला. एकोणिसाव्या शतकात तर पुरुषांच्या समितीपुढे उभे राहून, पाय घसरण्यापूर्वी आपण चांगल्या चालीच्या होतो, हे आईला पटवून द्यावे लागे. वाढलेल्या मुली घरकामाला आणि मुले उमेदवारीला, दर्यावर किंवा पलटणीत जात. उपकाराचा शेवट असा नोकर तयार करण्यात झाला.

इथे मला १८६३चे पुणे आठवते. जोतीराव आणि सावित्रीबाईंनी बालहत्या प्रतिबंधक गृह काढले, तेव्हा प्रश्न तोच होता : फसवली गेलेली बाई आणि तिचे मूल. तिथे पिशवी नव्हती, चेंडू नव्हते, चालचलनाचा दाखला नव्हता. बाईने यावे, सुरक्षित बाळंत व्हावे, मूल न्यावे किंवा ठेवावे. ज्या ब्राह्मणी रूढीने जोतीरावांना शूद्र ठरवले, तिच्याच बळी ठरलेल्या ब्राह्मण विधवांसाठी हे दार उघडले होते. त्यांतल्याच एकीचा मुलगा यशवंत त्यांनी दत्तक घेतला, त्याला आपले नाव दिले आणि मृत्युपत्र करून वारसही केले. लंडनने मुलाचे नाव पुसले. पुण्याच्या त्या घराने स्वतःचे नाव मुलाला दिले. पैशाने ते घर लंडनच्या आश्रयगृहापुढे काहीच नव्हते. फरक नात्याचा होता.

बाबासाहेबांनी १९३६ साली ‘जातिभेद निर्मूलन’मध्ये दाखवून दिले की हिंदू माणसाची दानबुद्धी जातीपाशी सुरू होते आणि जातीपाशीच संपते. लंडनच्या दानाने जन्माचा कलंक ओलांडला, हे त्याचे मोठेपण. वर्ग मात्र त्याला ओलांडता आला नाही. आपल्याला दोन्ही ओलांडायचे आहेत.

हे सगळे आज लिहिण्याचे कारण साधे आहे. आपल्यातले तरुण चित्रकार वसतिगृहासाठी, ग्रंथालयासाठी, अत्याचारग्रस्तांच्या मदतीसाठी चित्रे देतात आणि यापुढेही देतील. त्यांनी ती जरूर द्यावीत. मात्र देताना तीन प्रश्न विचारावेत. ज्यांच्यासाठी पैसा उभा राहतो, त्यांच्याबद्दल माझे चित्र खरे बोलते का, की देणगीदाराला रुचेल असे केविलवाणे डोळे रंगवते? पैसा कसा खर्चायचा हे ठरवणाऱ्या बैठकीत ती माणसे आहेत का? आणि जे आज देणगीतून मिळते, ते उद्या हक्क म्हणून मिळावे यासाठीचा लढा या व्यवहाराने पुढे जातो, की थंड पडतो? होगार्थ पहिल्या प्रश्नाला बऱ्याच अंशी उतरतो, दुसऱ्याला आणि तिसऱ्याला नाही.

लंडनमध्ये त्या संस्थेचे २००४ पासून संग्रहालय आहे. होगार्थ, गेन्सबरो तिथल्या भिंतींवर आहेत. पण जुन्या नोंदवह्यांच्या पानांना टाचलेले कापडाचे हजारो तुकडेही जपले गेले आहेत : फुलांचे, रेघांचे, कुठे फीत, कुठे सुईने भरलेले काम. अठराव्या शतकातल्या गरीब बाईच्या अंगावरच्या कापडाचा इतका मोठा साठा इंग्लंडात दुसरा नाही. ज्या बायांना सही करता येत नव्हती, त्यांची ही साक्ष. आपल्या आयांच्या गोधड्या ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना ती वाचता येईल. प्रस्थापित कलासमीक्षेने त्या पानांवर अजून पुरेसे लिहिलेले नाही. ते काम आपल्या विद्यार्थ्यांनी हाती घ्यावे, आणि सुरुवात आपल्या घरातल्या गोधडीपासून करावी.