अनोळखी कोणाला?

रानातल्या अनोळखी प्राण्याची गोष्ट ही साहित्यातली जुनीच युक्ती आहे. गावाजवळचे रान, रानात कधी न पाहिलेले जनावर, शहरातून आलेला एक शिकलेला माणूस आणि घाबरलेले गावकरी. शेवटी जनावर मरते किंवा पिंजऱ्यात जाते आणि शिकलेल्या माणसाचे नाव होते. गावकऱ्यांना काम दोनच: भिणे आणि वाट दाखवणे. ज्यांचे रान त्यांना त्या रानाचे काही ज्ञान असेल, हा विचारच ह्या लेखकांच्या मनाला शिवत नाही. 'शोध लागला' असे लिहिताना तो कोणाला लागला हे सांगावे लागत नाही, ही आपल्या व्याकरणाची त्यांना मोठीच सोय झाली आहे.

महाश्वेता देवींची 'टेरोडॅक्टिल, पूरणसहाय ओ पिरथा' ही बंगाली लघुकादंबरी हाच सांगाडा उचलते आणि आतून मोडते. त्यांच्या 'अरण्येर अधिकार'विषयी आपले कार्यकर्ते बोलतात, बिरसा मुंडा सर्वांना हवा असतो. पिरथाविषयी मात्र फारसे कोणी बोलत नाही. गायत्री चक्रवर्ती स्पिवाक ह्यांनी ती इंग्रजीत आणली, १९९५ साली ती अमेरिकेतही छापली गेली आणि तेव्हापासून ती विद्यापीठांतल्या चर्चासत्रांची मालमत्ता होऊन बसली. ती तिथून काढून घेणे आवश्यक आहे.

पिरथा हा मध्य प्रदेशातला एक कल्पित विकास गट. नकाशात त्याचा आकार पालथ्या पडलेल्या आदिम जनावरासारखा दिसतो. पूरणसहाय हा हिंदी दैनिकाचा वार्ताहर तिथल्या गटविकास अधिकारी मित्राच्या सांगण्यावरून येतो. भागात दुष्काळ आहे, माणसे भुकेने मरत आहेत, आणि शासन दुष्काळ जाहीर करायला तयार नाही. अशात बिखिया नावाच्या आदिवासी पोराने एक पंख असलेले जनावर पाहिले आहे आणि दगडावर त्याचे चित्र कोरले आहे. तेव्हापासून बिखिया बोलत नाही. गाव सुतकात बसले आहे, कारण हा आपल्या पूर्वजांचा आत्मा आहे असे गाव मानते. पूरण ते जनावर प्रत्यक्ष पाहतो. कोट्यवधी वर्षांपूर्वी नष्ट झालेला तो जीव त्याच्यासमोर बसून असतो आणि त्याला काय खायला द्यावे हेसुद्धा ह्या सुशिक्षित माणसाला कळत नाही. जनावर मरते. बिखिया आणि पूरण ते गुहेत नेऊन ठेवतात. पूरण परत जातो आणि जगातली सर्वांत मोठी बातमी छापत नाही.

पूरण जनावर लपवतो, पण भूक लपवत नाही. काय सांगायचे आणि काय सांगायचे नाही ह्याची ही निवड मला ह्या कादंबरीचा कणा वाटते. जनावराची बातमी फुटली असती तर पिरथात शास्त्रज्ञ आले असते, मंत्री आले असते, डांबरी रस्ता झाला असता, आणि सुतकात बसलेल्या माणसांना कुंपणाबाहेर उभे केले गेले असते. मेलेल्या पक्ष्याची चौकशी झाली असती, मेलेल्या पोरांची झाली नसती.

हे अतिशयोक्त वाटत असेल तर ठाणे जिल्ह्याचाच इतिहास पाहावा. १९९२-९३ साली जव्हार तालुक्यातल्या वावर-वांगणीत शंभराहून अधिक बालके दगावल्याचे पुढे आले. (हा भाग २०१४ पासून पालघर जिल्ह्यात मोडतो.) तिथेही वाद झाला तो शब्दावरच. भूकबळी म्हणायचे की कुपोषण, कुपोषण म्हणायचे की साथीचा आजार? पोर मेले ते मेलेच, पण त्याच्या मरणाला कोणते नाव द्यायचे हे कागदावर ठरणार. पिरथातल्या शासनाला मी वावर-वांगणीमुळे ओळखतो.

मी माजिवड्याला राहतो. येथून येऊरचा डोंगर दिसतो, मधे उंच इमारती येतील तेवढा सोडून. २० फेब्रुवारी २०१९ रोजी येथून जवळच कोरम मॉलमध्ये बिबट्या शिरला आणि नंतर एका हॉटेलच्या तळघरातून त्याला बेशुद्ध करून नेले. शहराला तो घुसखोर वाटला. पण वारली समाज वाघोबाला शेंदूर लावतो, त्याला वाटा देतो, त्याच्याशी पिढ्यान्‌पिढ्यांचा व्यवहार ठेवून आहे. अनोळखी कोण, बिबट्या की मॉल, हा प्रश्न डोंगरावर विचारला तर उत्तर वेगळे मिळेल. ह्याच ठाणे-कल्याण परिसरातून २०२१ साली उडी मारणाऱ्या कोळ्याची एक नवी जात शास्त्रात नोंदली गेली. २००८ च्या हल्ल्यात कसाबला धरताना प्राण दिलेल्या तुकाराम ओंबळे ह्यांचे नाव तिला दिले: आयसियस तुकारामी. साहेबांची नावे प्राण्यांना चिकटवण्याच्या परंपरेत एका पोलीस खात्यातल्या खालच्या माणसाचे नाव यावे ह्याचा मला आनंद आहे. तरी तो कोळी ज्यांच्या झाडावर होता ते त्याला काय म्हणत होते, ही नोंद शास्त्राच्या रकान्यात बसत नाही.

आता माझा आक्षेप. बिखिया मुका का? महाश्वेता देवींनी त्याच्या मौनाला मोठी प्रतिष्ठा दिली आहे. पूरणला त्याची भाषा कळत नाही, ती कळल्याचा आव लेखिका आणत नाहीत, आणि हा प्रामाणिकपणा दुर्मिळ आहे. शंकर नावाचा आदिवासी थोडे बोलतो, पण तोही पूरणसारख्यांना समजावून सांगण्यापुरता. विचार करण्याचे, अपराधी वाटून घेण्याचे, शेवटी बदलण्याचे सगळे काम पूरणकडे आहे. आदिवासीने गूढ राहायचे आणि पांढरपेशाने त्या गूढापुढे नम्र व्हायचे. ही नम्रता उद्दामपणापेक्षा बरी हे खरे, परंतु तिच्यातही मध्यभागी पूरणच बसलेला आहे.

गोदावरी परुळेकरांच्या 'जेव्हा माणूस जागा होतो' (१९७०) ह्या पुस्तकाशी तुलना करावी. त्याही बाहेरच्याच. पण मे १९४५ मध्ये झरीच्या सभेत वारल्यांनी वेठ नाकारली, ते नकाराचे शब्द वारल्यांचे होते. लग्नगड्याला मुका ठेवून जमीनदाराचे राज्य चालले होते, त्यामुळे आपल्याकडे तरी मौनाला पावित्र्य देताना दहादा विचार केला पाहिजे. दलित साहित्य उभे राहिले तेच मौन मोडून.

बिखियाच्या बाजूने एक साक्ष मात्र मला द्यावी लागेल. डहाणूजवळच्या गंजाडचे जिव्या सोमा म्हसे. लहानपणी आई गेल्यावर ते बोलेनासे झाले आणि धुळीत चित्रे काढून आपले म्हणणे सांगत. लग्नाच्या चौकात सुवासिनींनी काढायची चित्रकला त्यांच्या हातून जगभर गेली. २०११ साली पद्मश्री मिळाली, २०१८ साली ते वारले. म्हणजे न बोलणाऱ्या पोराने दगडावर चित्र कोरणे हे कल्पनेचे खेळ नव्हेत. फरक असा की म्हसे पुढे बोलले, आणि त्यांच्या चित्रांत झाड, मुंगी, माणूस एकाच मापाने येतात. त्यांतला एकही जीव अनोळखी नाही.

'उचल्या'चे लक्ष्मण गायकवाड आणि महाश्वेता देवी १९९८ साली विमुक्त-भटक्यांच्या हक्कांसाठी एकत्र आले होते, गणेश देवीही त्यांत होते. लेखिका कादंबरीत जिथे थांबल्या त्यापुढे त्या स्वतः चालत गेल्या, हे त्यांच्या बाजूने नोंदवले पाहिजे. पण कादंबरीतला रिकामा भाग भरायचे काम त्यांचे नाही. 'गोधड' (१९८७) लिहिणारे भिल्ल कवी वाहरू सोनवणे, 'उलगुलान'चे भुजंग मेश्राम ह्यांच्या मागून आलेल्या एखाद्या आदिवासी लेखकाच्या हातून पिरथाची ही गोष्ट मराठीत यावी. बिखिया जिथे गप्प आहे, त्या ओळी तो कशा लिहितो ते मला वाचायचे आहे.