चार तासांत दोहा : एका सहलीचे परीक्षण

नाटकाचे परीक्षण होते, पुस्तकाचे होते, मंडळाच्या दिवाळी कार्यक्रमाचे तर जेवणाच्या रांगेतच होऊन जाते. पण दर हिवाळ्यात पाहुणे आले की आपण ज्या 'सिटी टूर' नावाच्या प्रकारावर पैसे खर्च करतो, त्याचे परीक्षण कोणी लिहिलेले माझ्या वाचनात नाही. वास्तविक तोही एक प्रयोगच. त्याला संहिता असते, नेपथ्य असते, निवेदक असतो, मध्यंतर असते. फरक एवढाच की बसमध्ये कोंडलेल्या प्रेक्षकाला मध्येच उठून जायची सोय नसते.

गेल्या डिसेंबरात आमच्या वेस्ट बेमधल्या दोन बेडरूमच्या फ्लॅटमध्ये एकदम सहा माणसे उतरली. भुसावळहून आई, रावेरचे मामा-मामी, बडोद्याची आत्या, धाकटी बहीण आणि तिचा बारा वर्षांचा मुलगा. आम्ही तिघे धरून नऊ. पहिले चार दिवस गप्पा आणि चिवडा यांत गेले. पाचव्या दिवशी मामांनी "इथे बघण्यासारखे काय आहे?" असे विचारले आणि मी त्याच रात्री शनिवारच्या चार तासांच्या सहलीच्या नऊ जागा नोंदवून मोकळा झालो. मोकळा झालो हा शब्द जाणूनबुजून वापरतो आहे. सुट्टीच्या दिवशी नऊ माणसांना घेऊन गावभर फिरण्याची जबाबदारी मी पैसे देऊन दुसऱ्याच्या गळ्यात घातली होती.

प्रथम जमेची बाजू. बस वेळेवर आली. आईच्या गुडघ्यांना फार चालावे लागले नाही, स्वच्छतागृहे वेळच्या वेळी मिळाली. आणि मोठ्या कुटुंबाच्या दृष्टीने सर्वांत मोठा फायदा म्हणजे उशीर झाला, चहा मिळाला नाही, ऊन लागले, की रागवायला घराबाहेरचा माणूस हाताशी असतो. आत्या आणि मामी त्या चार तासांत जितक्या एकमताने बोलल्या तितक्या एरवी कधी बोलल्या नव्हत्या.

आता संहितेकडे वळू. ती आकड्यांची होती. बसमध्ये इतर देशांचेही प्रवासी असल्याने निवेदन इंग्रजीत, आणि आईसाठी, मामींसाठी मी मराठीत सांगणारा. शेरेटनचा पिरॅमिड १९८२ चा. दोहा टॉवर २३८ मीटर, ४६ मजले. अमुक इमारतीला इतका खर्च, तमुक बेट समुद्रात भर घालून केलेले. मी ते आकडे इमानेइतबारे मराठीत आणत होतो. थोड्या वेळाने आई म्हणाली, "अरे, पण हे सगळे कशाला सांगतोय तो? आपल्याला विकत घ्यायचे आहे का?"

आईच्या या वाक्यात सहलीचे अर्धे परीक्षण येऊन जाते. उंची सांगितली की इमारत सांगून झाली, अशी या निवेदनाची समजूत आहे. त्या दोहा टॉवरचेच पाहा. ज्याँ नुव्हेल या फ्रेंच वास्तुकाराने त्याला बाहेरून धातूच्या नक्षीची जाळी पांघरली आहे. ती सगळीकडे सारखी नाही. उत्तरेला विरळ, दक्षिणेला थोडी दाट आणि सकाळ-संध्याकाळचे तिरपे ऊन जिथून घुसते त्या पूर्व-पश्चिमेला सर्वांत दाट. वाड्याच्या लाकडी जाळीआड बसून जिने दुपारी काढल्या आहेत त्या माझ्या आत्याला हे एका वाक्यात कळले असते. तिला सांगितले गेले ते मजले.

कॉर्निशवर गलबते बघायला पंधरा मिनिटे. "पारंपरिक होड्या" एवढेच वर्णन आणि जवळच्या शिंपल्याच्या शिल्पासमोर फोटो. आत्याच्या कानात त्या वेळी तिच्या आजीच्या मोत्याच्या कुड्या होत्या. आपल्याकडे ज्यांना बसऱ्याचे मोती म्हणतात, ते याच आखातातले. इथली माणसे उन्हाळाभर गलबतांवर राहायची, नाकाला चिमटा लावून तळाशी बुडी मारायची. तो माल मुंबईच्या बाजारात जायचा आणि तिथून आपल्या नथींत आणि कुड्यांत. १९३० च्या सुमारास जपानी पैदाशीचे मोती आले, जगात मंदी आली आणि हा धंदा बसला. तेल पुढे दुखानला निघाले, त्याची निर्यात १९४९ साली सुरू झाली. मधली वर्षे इथे फार हलाखीची गेली. गाईडला हे सांगायला वेगळे साहित्य लागणार नव्हते, आत्याच्या कानाकडे बोट दाखवले असते तरी पुरे होते.

मामा बँकेतून निवृत्त झालेले. इथे एके काळी भारतीय रुपयाच चालत असे, १९५९ साली रिझर्व्ह बँकेने आखातासाठी वेगळ्या रंगाच्या खास नोटा काढल्या आणि १९६६ च्या अवमूल्यनानंतर कतारने तो रुपया सोडला, हे त्यांना मी घरी आल्यावर रात्री सांगितले. ते ताडकन उठून बसले. "आणि त्या बसवाल्याने एक रियाल म्हणजे किती रुपये एवढेच सांगितले!"

पण बसवाल्याला दोष देताना माझे काय? हे मला ठाऊक होते. इस्लामिक कलेच्या संग्रहालयात आम्हाला चाळीस मिनिटे मिळाली. त्यातली पंधरा स्वच्छतागृहात आणि दहा काचेतून दिसणाऱ्या वेस्ट बेच्या फोटोंत गेली. त्याच इमारतीत शहाजहानचे जेड दगडाचे एक ताईतवजा पदक जपलेले आहे. त्यावर कुराणातली वचने कोरली आहेत, बादशहाचे नाव आहे आणि हिजरी १०४१ हे साल, म्हणजे १६३१-३२. मुमताज महल १६३१ च्या जूनमध्ये बुऱ्हाणपूरला गेली. अशा पदकाला हौलदिली म्हणत. छातीत धडधडणाऱ्या, घाबरलेल्या जिवासाठी ते असे. आपला 'हवालदिल' याच कुळातला. रावेरहून बुऱ्हाणपूर म्हणजे मामींचे बाजारहाटाचे गाव. मी त्यांना तिथवर नेले नाही, कारण गाईडने घड्याळ दाखवले आणि मीही मान डोलावली.

जुन्या यात्रांची एक गोष्ट इथे आठवते. त्र्यंबकेश्वरला किंवा काशीला उतरले की तीर्थोपाध्याय आधी तुमचे आडनाव विचारतो, मूळ गाव विचारतो आणि वही काढतो. त्या वहीत तुमच्या पणजोबांची सही निघते. दक्षिणेसाठी तो पुढे छळतो, ते सोडा. पण त्याची वाट दाखवण्याची सुरुवात 'तुम्ही कोण' इथून होते. आमच्या चार तासांत आम्ही कुठून आलो हे कोणी विचारले नाही. जो मजकूर आम्हाला, तोच मागच्या बाकावरच्या जर्मन जोडप्याला.

अपवाद मध्यंतराचा. सूक वाकिफमध्ये चहाला थांबलो तेव्हा मामींनी गाईडला हिंदीत विचारले, "बाळा, तू कुठला?" मुलगा नेपाळचा. वेस्ट बेमधल्याच एका इमारतीवर तो आधी पहारेकरी होता, खोलीत सहाजण. रात्रपाळीत इंग्रजी शिकला, मग हे काम लागले. घरी मुलगी दुसरीत, तिला त्याने दोन वर्षे पाहिलेले नाही. दहा मिनिटे बोलला. त्या दहा मिनिटांत आईने एकदाही पाणी मागितले नाही, की बस कधी सुटणार म्हणून विचारले नाही. मग त्याने घड्याळ पाहिले, मायक्रोफोन घेतला आणि पुन्हा मीटर सुरू झाले. माझ्या मते सहलीतला सर्वोत्तम भाग संहितेबाहेरचा होता. शेवटचा पाऊण तास 'पर्ल' नावाच्या बेटावरच्या दुकानांत गेला, जिथे मोत्याचा संबंध नावापुरता. तेवढा वगळून तो वेळ संग्रहालयाला दिला तरी हा प्रयोग पुष्कळ सुधारेल. नोंदणी करतानाच तसे मागावे; गट आपलाच नऊ-दहांचा असेल तर ऐकतात, असा माझा नंतरचा अनुभव आहे.

राष्ट्रीय संग्रहालय आम्ही बसमधूनच पाहिले. "वाळवंटी गुलाबाच्या आकाराची इमारत, उजवीकडे." २०१९ साली उघडलेल्या या इमारतीत बडोद्याची मोत्यांची चादर मांडलेली आहे. खंडेराव गायकवाडांनी १८६५ च्या सुमारास ती करवून घेतली. सुमारे पंधरा लाख मोती, आखातातले, आणि शिवाय हिरे, माणके, पाचू. मदिनेला पैगंबरांच्या समाधीवर अर्पण करण्याचा महाराजांचा मानस होता असे सांगतात. १८७० साली ते वारले आणि चादर बडोद्यातच राहिली. पुढे सीतादेवींबरोबर ती युरोपात गेली आणि मार्च २००९ मध्ये इथे दोह्यातच लिलावात सुमारे पंचावन्न लाख डॉलरना विकली गेली. ज्या समुद्रातून मोती निघाले त्याच्याच काठी ते परत आले. आणि आमच्या बसमध्ये बडोद्याची, सत्तर वर्षे राजवाड्याच्या गावात काढलेली आत्या उजवीकडे बघत होती.

पुढच्या शनिवारी मी सहल नोंदवली नाही. आई, आत्या आणि मामा, तिघांना मेट्रोने नेले. वेस्ट बेहून मुशैरिबला गाडी बदलायची, तिसरे स्टेशन नको, दुसरेच संग्रहालयाचे. तिकीट माणशी दोन रियाल, ते ऐकून मामांनी बसच्या खर्चाचा हिशेब पुन्हा एकदा तोंडी केला. चादरीसमोर आत्या बराच वेळ उभी राहिली. कानातली कुडी तिने दोन बोटांत धरली होती. शेवटी म्हणाली, "विकायला नको होती रे त्यांनी." मग काही वेळाने, "पण तिथे राहिली असती तर मी काय, कपाटात बंदच असती." ती यावर अजून ठरवू शकलेली नाही, परवाच्या फोनवरही तोच विषय होता.

परतीला वेस्ट बे स्टेशनच्या बाहेर अंधार पडला होता. आईने विचारले, "तुझे ऑफिस यातले कुठले?" सहलीची बस त्याच्यावरून दोनदा गेली होती. अठरा वर्षे मी तिथे जातो, आणि त्या दिवशी मी इतर इमारतींचे मीटर मराठीत आणत बसलो होतो. मी बोट दाखवले. आईने खालून मजले मोजायला सुरुवात केली. नवव्याला चुकली, पुन्हा पहिल्यापासून मोजले.

"चौदावा म्हणालास ना? दिवा दिसतोय. आज सुट्टी ना, मग कोण बसलंय तिथे?"