‘कोर्ट’मधला न भरलेला खटला

भारतीय दंड संहितेत आत्महत्येला प्रवृत्त करण्याचं कलम होतं ३०६. शिक्षा दहा वर्षांपर्यंत. हयगयीने कुणाचा जीव गेला तर कलम ३०४-अ, शिक्षा दोन वर्षांपर्यंत. चैतन्य ताम्हाणे यांचा ‘कोर्ट’ मला या दोन कलमांच्या मधल्या फटीत घडणारा सिनेमा वाटतो.

गोष्ट बहुतेकांना माहीत असेल. वासुदेव पवार हा गटार साफ करणारा कामगार मॅनहोलमध्ये मरतो. पोलीस पकडतात ते लोकशाहीर नारायण कांबळे यांना. आरोप असा की त्यांनी पवारच्या वस्तीत एक गाणं म्हटलं, त्यात सफाई कामगारांनी गटारात गुदमरून जीव द्यावा असं सांगितलं होतं, आणि ते ऐकून पवारने आत्महत्या केली. पुढचा सगळा सिनेमा मुंबईच्या सत्र न्यायालयात तारखा पडत राहण्याचा. वीरा साथीदारांचा थकलेला, न चिडणारा कांबळे, गीतांजली कुलकर्णींची सरकारी वकील नूतन, विवेक गोम्बर यांचा बचावाचा वकील विनय व्होरा, प्रदीप जोशींचे न्यायाधीश सदावर्ते. २०१४ सालच्या सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार त्याला मिळाला. लेखही ढिगाने आले. त्यातले बरेचसे अभिव्यक्तिस्वातंत्र्यावर, वसाहतकाळातल्या कायद्यांवर किंवा न हलणाऱ्या कॅमेऱ्यावर बोलतात. ते सगळं सिनेमात आहेच. पण या सिनेमात एक मेलेला माणूस आहे, आणि तो कुणामुळे मेला हा प्रश्न कोर्टात कुणीच नीट विचारत नाही.

उत्तर मात्र साक्षीत येऊन जातं. पवारची बायको साक्षीला उभी राहते. तिची उत्तरं तुटक आहेत. विषारी वायूने नवऱ्याचा एक डोळा गेलेला होता. अंगावर सुरक्षेचं काही नसायचं. झुरळ बाहेर आलं की आत हवा आहे असं समजून तो उतरायचा. वास सहन व्हावा म्हणून आधी दारू प्यायचा. जीव देण्याचं तो कधी बोलला नव्हता. व्होराला यातून एवढंच हवं असतं की ही आत्महत्या नाही. ते मिळतं आणि साक्ष संपते. ऑक्सिजन आहे की नाही हे झुरळाकडून कळून घ्यायची वेळ माणसावर कुणी आणली, हा प्रश्न खटल्याच्या विषयाबाहेरचा. त्यामुळे तो कुणी विचारत नाही आणि न्यायाधीशांनाही तो विचारावासा वाटत नाही.

आमच्या धंद्यात सर्व्हर बंद पडला की दुसऱ्या दिवशी कारणं शोधायची मीटिंग असते. तिथे ‘हे कुणी मुद्दाम केलं का’ हा शेवटचा प्रश्न असतो. अलार्म का वाजला नाही, बॅकअप का नव्हता, असं होऊ शकतं हे आधी कुणाला माहीत होतं का, यावर तासभर जातो. सर्व्हरच्या वाट्याला येणारी ही चौकशी वासुदेव पवारच्या वाट्याला येत नाही.

शहागडला गोदावरीच्या पुलाजवळ उभं राहिलं की सोलापूर-धुळे महामार्गाच्या ट्रकांची रांग दिसते. रस्त्यावर, विहिरीत, विजेच्या तारेने कुणी गेल्याची बातमी गावात आली की पारावर ठरलेलं वाक्य येतं: ‘वेळ आली होती त्याची.’ हे वाक्य निर्दयी नाही. दुःख सोसायला ते मदतच करतं. पण त्यात कठडा, झाकण, तार या गोष्टी गळून जातात. आपल्याकडे मरणाचे दोनच हिशेब चालतात. कुणीतरी मारलं, नाहीतर नशिबाने मेला. पवारच्या बाबतीत पोलिसांना नशिबावर भागवायचं नव्हतं, म्हणून त्यांनी मारणारा शोधला, आणि गाणारा माणूस सापडला. या दोन हिशेबांच्या मध्ये तिसरा एक आहे. त्याला मराठीत हयगय असा साधा, घरगुती शब्द आहे. औषध द्यायला हयगय झाली, जनावराला पाणी पाजायला हयगय झाली. वाईट हेतू नव्हता, पण घ्यायला हवी ती काळजी घेतली नाही.

दिवाणी कायदा या तिसऱ्या हिशेबाचं मोठं घर आहे. फौजदारी खटला सरकार चालवतं आणि गुन्हा वाजवी संशयापलीकडे सिद्ध व्हावा लागतो. दिवाणी दावा ज्याचं नुकसान झालं तो लावतो, आणि तिथे कुठली बाजू जास्त संभवनीय एवढं पाहतात. प्रश्न साधे असतात. समोरच्यावर काळजी घेण्याचं कर्तव्य होतं का? ते त्याने मोडलं का? त्यामुळेच नुकसान झालं का? तुरुंगाचा संबंध नाही, भरपाई मिळते. कर्ता माणूस गेला तर त्याची बायको, मुलं, आईवडील यांच्या वतीने असा दावा करता येतो, असं सांगणारा कायदा आपल्याकडे १८५५ पासून आहे. मुदत मृत्यूपासून दोन वर्षं. म्हणजे सिनेमातली ती बाई ज्या इमारतीत साक्षीदार म्हणून येते, तशाच एका इमारतीत ती वादी म्हणून येऊ शकली असती.

काळजी नेमकी कुणाची घ्यायची, याचं प्रसिद्ध उत्तर एका गोगलगायीमुळे मिळालं. १९२८ साली स्कॉटलंडमधल्या पेझली गावात एका बाईने मैत्रिणीने विकत घेऊन दिलेलं जिंजर बिअर प्यायलं. बाटलीतून कुजलेली गोगलगाय निघाली, अशी तिची तक्रार. बाटली तिने विकत घेतलेली नव्हती, म्हणजे करार कुणाशीच नव्हता. तरी १९३२ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने तीन विरुद्ध दोन मतांनी ठरवलं की बाटली भरणाऱ्यावर तिची जबाबदारी असू शकते. लॉर्ड ॲटकिन यांनी बायबलमधली शेजाऱ्यावर प्रेम करण्याची आज्ञा घेतली आणि कायद्याला पेलेल एवढी छोटी केली. शेजाऱ्यावर प्रेम करा असं कायदा म्हणू शकत नाही, पण त्याला इजा करू नका एवढं नक्की म्हणू शकतो. आणि शेजारी म्हणजे माझ्या वागण्याचा ज्याच्यावर इतका थेट परिणाम होईल की मला त्याची आधीच आठवण असायला हवी, असा माणूस. (गोगलगाय खरंच होती का, हे कधीच सिद्ध झालं नाही, प्रकरण पुढे आपसात मिटलं.) नीती आणि कायदा यांच्यातलं अंतर इतक्या स्वच्छपणे फार कमी ठिकाणी दिसतं. नीती मोठी असते. कायदा तिच्यातून हाताशी येईल तेवढा तुकडा कापून घेतो. मॅनहोलचं झाकण उचलून माणसाला आत जा म्हणणाऱ्यासाठी तो आत जाणारा माणूस या व्याख्येत बसतो. याहून जवळचा शेजारी कोण असणार!

मग असा दावा लावला असता तर काय झालं असतं? याचं एक उत्तर शहागडपासून फार लांब नाही. औरंगाबादच्या, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरच्या, सरकारी रुग्णालयात जुलै १९६३ मध्ये एक बाई बाळंत झाली. तीन दिवसांनी तिची कुटुंबनियोजनाची शस्त्रक्रिया झाली आणि पोटात कापडाचा बोळा राहिला. ताप, वेदना, पोट पुन्हा उघडणं, पू, आणि २४ जुलैला मृत्यू. नवऱ्याने आणि मुलांनी दावा लावला. खालच्या कोर्टाने ३६,००० रुपयांचा हुकूमनामा दिला. मुंबई उच्च न्यायालयाने तो उलटवला. त्यातलं एक कारण असं, की रुग्णालय चालवणं हे राज्याचं सार्वभौम काम आहे, त्यातल्या चुकीसाठी राज्याला जबाबदार धरता येत नाही. ‘अच्युतराव हरिभाऊ खोडवा विरुद्ध महाराष्ट्र राज्य’ या प्रकरणाचा निकाल सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी १९९६ मध्ये दिला. रुग्णालय चालवणं हे राजेपण नाही. पोटात बोळा राहिला ही गोष्टच हयगय सांगते, आणि नेमका कुणाच्या हातून राहिला हे बोट ठेवून दाखवता आलं नाही तरी राज्य सुटत नाही. ३६,०००चा हुकूमनामा पुन्हा उभा राहिला. तोवर त्या बाळाच्या जन्माला बत्तीस वर्षं उलटून गेली होती.

मी हा निकाल मोबाइलवर वाचला. तो तत्त्व म्हणून भक्कम आहे, आणि रक्कम वाचताना लाज वाटते. ‘कोर्ट’मधल्या बाईने दावा का लावला नाही, असं विचारणाऱ्याने हे बत्तीस वर्षांचं वेळापत्रक तिच्यासमोर ठेवून मग विचारावं.

दुसरी अडचण मला जास्त त्रास देते. ‘तो प्यायचा’ हे तिचं वाक्य फौजदारी खटल्यात कांबळेंना सोडवायला उपयोगी पडतं. हेच वाक्य दिवाणी दाव्यात महापालिकेच्या किंवा ठेकेदाराच्या वकिलाने उचललं असतं. मयताची स्वतःचीच हयगय होती, भरपाई कमी करा. तो वासामुळे प्यायचा, आणि वास कामामुळे होता, हे सांगायला तिच्या बाजूने कुणीतरी उभं राहावं लागलं असतं. कायदा कारणांची साखळी कुठेतरी तोडतो, तोडल्याशिवाय त्याचं भागत नाही. ती कुठे तोडायची हे मात्र कोर्टात कोण बोलतंय आणि किती वेळ बोलू शकतंय यावर ठरतं. ताम्हाणेंनी त्या साक्षीवर संगीत घातलेलं नाही, चेहऱ्यावर झेप घेतलेली नाही. त्यामुळे ते वाक्य दोन्ही बाजूंना वळू शकतं, हे आपल्याला कळतं. सिनेमाची खरी ताकद मला इथे दिसते.

योगायोग असा की सिनेमा व्हेनिसला पहिल्यांदा दाखवला गेला त्याच वर्षी, मार्च २०१४ मध्ये, सर्वोच्च न्यायालयाने सफाई कर्मचारी आंदोलनाच्या याचिकेवर निकाल दिला. १९९३ पासून गटारात मेलेल्या प्रत्येकाच्या कुटुंबाला दहा लाख. ऑक्टोबर २०२३ मध्ये ही रक्कम तीस लाख झाली. इथे वारसाला हयगय सिद्ध करत बसावं लागत नाही, कारण सुरक्षेशिवाय माणूस आत उतरवणं हीच हयगय धरली आहे. कायदा नीतीच्या बाजूला एक पाऊल सरकतो तो असा. आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत हयगयीच्या मृत्यूची कमाल शिक्षा दोनाची पाच वर्षं झाली. प्रवृत्त करण्याची दहाच राहिली.

आता माझी तक्रार. ‘कोर्ट’ कोर्टाबाहेर पडून माणसांच्या मागे जातो, यासाठी त्याचं फार कौतुक झालं, आणि ते योग्यच आहे. व्होरा सुपरमार्केटमध्ये काय घेतो ते दिसतं. नूतन लोकलमधून घरी येते, स्वयंपाक करते, नाटकाला जाते. न्यायाधीश सुट्टीत रिसॉर्टवर जातात. वकील, सरकार, न्यायाधीश, तिघांच्याही घरची हवा आपल्याला लागते. पवारच्या बायकोची नाही. कोर्ट तिला एका साक्षीपुरतं बोलावतं, आणि सिनेमाही जवळजवळ तेवढंच करतो. यावर बचाव असा, की तिचं अदृश्य होणं हाच मुद्दा आहे. व्यवस्था जशी वागते तसाच कॅमेरा वागतो. मला हा बचाव अर्धाच पटतो. व्यवस्थेची हयगय दाखवायला कॅमेऱ्यानेही तीच करावी लागते असं नाही. रिसॉर्टच्या लांबलचक शेवटातली पाच मिनिटं तिला दिली असती तर न्यायाधीशांची डुलकी कमी बोचली असती, असं मला वाटत नाही.

तिच्या वाट्याला एक गाडीतला प्रवास मात्र आहे. साक्षीनंतर व्होरा तिला सोडायला जातो. तो भला माणूस आहे, मदत देऊ करतो. ती पैसे मागत नाही. काही काम असेल तर सांगा, म्हणते. व्होराकडे याला उत्तर नसतं. गाडी चालत राहते.