ओळखीचा चेहरा, उसना उजेड

पुण्याच्या बालगंधर्व कलादालनापासून तालुक्याच्या गावातल्या शाळेच्या सभागृहापर्यंत हौशी छायाचित्रकारांची प्रदर्शनं आता बारा महिने भरतात. त्यांत व्यक्तिचित्रांचा वाटा मोठा असतो. फोटो स्वच्छ असतात, डोळे अचूक फोकसमध्ये असतात, रंग भरीव असतात, प्रिंटही उत्तम असते. तरीही भिंतीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गेल्यावर एखादा माणूस भेटल्यासारखं क्वचितच वाटतं. चेहरे वेगवेगळे, पण उजेड तोच, चौकट तीच आणि मागचा धूसर पडदाही तोच.

याला साधनांची कमतरता कारणीभूत नाही. पंधरा-वीस वर्षांपूर्वी स्टुडिओवाल्यालाही परवडत नव्हत्या अशा लेन्स आज नोकरदार माणसाच्या बॅगेत असतात. हौशी माणसाकडे त्याहून मोलाच्या दोन गोष्टी असतात आणि त्या व्यावसायिक छायाचित्रकाराला पैसे मोजूनही मिळत नाहीत: वेळ आणि समोरच्या माणसाशी ओळख. व्यक्तिचित्राची रचना आणि प्रकाशयोजना या भांडवलातून ठरायला हवी. आज ती तयार आणली जाते, कुणाच्या तरी गाजलेल्या फोटोवरून, नाहीतर एडिटिंगच्या प्रीसेटमधून.

या भांडवलावर काय उभं राहू शकतं, याचे दाखले छायाचित्रणाच्या सुरुवातीच्या काळापासून आहेत. मुंबईत १८५४ साली फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. तिच्या सुरुवातीच्या भारतीय सभासदांत डॉ. भाऊ दाजी लाड होते आणि त्यांचे बंधू डॉ. नारायण दाजी स्वतः उत्तम छायाचित्रं काढत. कोलकात्यात जन्मलेल्या ज्युलिया मार्गारेट कॅमेरॉन यांच्या हाती कॅमेरा आला तो १८६३ साली, वयाच्या ४८व्या वर्षी, लेकीने दिलेली भेट म्हणून. इंग्लंडमधल्या आइल ऑफ वाइट बेटावर राहत्या घराच्या आवारात कोंबड्यांसाठी काचेचं खुराडं होतं. त्यांनी त्याचाच स्टुडिओ केला आणि कोळशाच्या खोलीची डार्करूम केली. समोर बसायला घरातली मोलकरीण असे, शेजारी असत, घरी येणारे कवी आणि शास्त्रज्ञ असत. एक्स्पोजर कधी काही मिनिटांचं. तेवढ्या वेळात माणूस थोडा हलायचा आणि कडा मऊ व्हायच्या. समकालीन जाणकारांनी त्याला ढिसाळपणा म्हटलं. पण १८६७ साली त्यांनी काढलेला खगोलशास्त्रज्ञ जॉन हर्शेल यांचा फोटो आजही पाहावा. काळोखातून उगवलेलं पांढऱ्या केसांचं डोकं आणि थकलेले, सजग डोळे. उजेड मोजकाच आहे, पण तो नेमका त्या माणसासाठी आहे.

आपल्याकडचा मोठा दाखला उमरावसिंग शेरगिल यांचा. अमृता शेरगिल यांचे हे वडील (१८७०–१९५४) संस्कृतचे अभ्यासक आणि आयुष्यभराचे हौशी छायाचित्रकार. बुडापेस्ट, सिमला, पॅरिस अशा घरोघरी त्यांनी पत्नी, दोन मुली आणि मुख्यतः स्वतःला दशकानुदशकं टिपलं. आरसे, पडदे, खिडकीतून तिरका येणारा उजेड, टेबलावरची पुस्तकं या साऱ्यांना त्या चौकटींत जागा आहे. घराचा कोपरान् कोपरा ठाऊक असलेल्या माणसालाच अशी रचना सुचते.

आता आजच्या रचनेकडे वळू. पहिली अडचण धूसर पार्श्वभूमीची. मोठ्या ॲपर्चरची लेन्स घेतली की ती कायम पूर्ण उघडी ठेवायची, असा जणू नेमच झाला आहे. ८५ एमएम लेन्सने दीड मीटरवरून एफ १.८ ला फोटो काढला, तर फुलफ्रेम कॅमेऱ्यात जेमतेम तीन सेंटिमीटर खोलीचा पट्टा स्पष्ट येतो. डोळा येतो, कान जातो. आणि माणूस जिथे उभा आहे ते दुकान, तो ओटा, ती शिलाई मशीन सगळं रंगांच्या डागांत विरघळतं. गर्दीच्या रस्त्यात हे उपयोगाचं आहे. पण ज्या शिंप्याकडे आपण वर्षानुवर्षं कपडे शिवायला टाकतो, त्याच्या मागची कापडाची चळत पुसून टाकली तर त्याच्याबद्दल आपल्याला असलेली माहितीच आपण पुसली. अर्नोल्ड न्यूमन यांनी १९४६ साली काढलेला संगीतकार स्ट्राविन्स्कीचा फोटो या बाबतीत पाठ्यपुस्तकासारखा आहे. ग्रँड पियानोचं उघडलेलं काळं झाकण जवळजवळ सगळी चौकट व्यापतं आणि स्ट्राविन्स्की डाव्या कोपऱ्यात खाली, हातावर डोकं टेकून. माणसाला चौकटीत इतकी थोडी जागा देऊनही त्याच्याबद्दल किती सांगता येतं, हे तिथे कळतं.

मोबाइलच्या पोर्ट्रेट मोडने हाच धूसरपणा गणिताने आणला. आयफोनवर तो २०१६ साली आला आणि पाठोपाठ बहुतेक सगळ्या फोनवर. यंत्र माणसाची कड शोधतं आणि बाकीचं पुसतं. लग्नातले फोटो मोठे करून पाहिले की त्याची चूक दिसते: गजऱ्यातली बाहेरची फुलं अर्धी कापलेली, चष्म्याची काडी कानाजवळ विरलेली, मोकळ्या बटांच्या जागी गुळगुळीत कडा. शिवाय फोनची मुख्य लेन्स विस्तृत कोनाची, त्यामुळे चेहरा चौकटीत भरायला आपण हातभर अंतरावर जातो आणि नाक मोठं, कान लहान दिसतात. हा दोष अंतराचा. दीड-दोन मीटर मागे सरकून दुप्पट झूम वापरला, तर त्याच फोनवर चेहऱ्याचं प्रमाण सुधारतं. इतकी साधी गोष्ट कार्यशाळांमध्ये क्वचित शिकवली जाते. लेन्सच्या किमतींवर मात्र तासभर चर्चा होते.

प्रकाशाच्या बाबतीत सगळ्यात बोलका नमुना वारीचा. ज्येष्ठाच्या अखेरीस पालख्या पुण्यात येतात, तेव्हा रस्त्यावर वारकऱ्यांइतकेच कॅमेरे असतात की काय असं वाटतं. त्या दिवसांत आभाळ बहुधा भरलेलं असतं. ढगांनी झाकलेलं आभाळ म्हणजे अख्ख्या गावभर पसरलेला मऊ दिवा; त्वचेचे सूक्ष्म उतारचढाव दाखवायला याहून चांगला उजेड नाही. पण प्रदर्शनात दिसतो तो वारकरी कोळशासारखा काळा-पांढरा, कॉन्ट्रास्ट आणि क्लॅरिटीचे स्लायडर टोकाला ओढलेला, प्रत्येक सुरकुती खडकावरच्या भेगेसारखी. निसर्गाने दिलेला उजेड फेकून देऊन कृत्रिम कठोरपणा वर चढवलेला असतो. म्हातारपण म्हणजे सुरकुत्या, एवढाच त्या फोटोचा आशय उरतो.

आभाळाच्या उजेडाची खरी अडचण वेगळीच आहे. तो डोक्यावरून येतो, त्यामुळे टोपी किंवा पागोट्याखाली डोळ्यांच्या खोबणी काळवंडतात. त्यावर उपाय सोपा आहे. माणूस विसाव्याला एखाद्या दुकानाच्या पत्र्याखाली बसला असेल, तर वरचा उजेड अडतो आणि समोरच्या मोकळ्या रस्त्यावरून येणारा आडवा उजेड डोळ्यांत उतरतो. अंगातला पांढरा सदरा हनुवटीखाली उजेड परतवतो. बुबुळात रस्त्याची पांढरी चमक आली की चेहरा जागा होतो. यासाठी शेजारी बसावं लागतं, बोलावं लागतं, चहा घ्यावा लागतो. रस्त्यापलीकडून टेलिलेन्सने टिपलेल्या चेहऱ्यात ही चमक योगायोगाने आली तरच येते.

घरातला उजेड हे हौशी छायाचित्रकाराचं सगळ्यात मोठं आणि सगळ्यात दुर्लक्षित धन आहे. प्रकाशाचा मऊपणा ठरतो तो उगमाच्या आकारावर आणि अंतरावर: मीटरभर रुंद खिडकीपासून हातभर अंतरावर बसलेल्या माणसावर उजेड मऊ पडतो, तोच माणूस खोलीच्या दुसऱ्या टोकाला गेला की उजेड मंदावतो आणि सावल्यांच्या कडा कठीण होत जातात. ट्यूबलाइट बंद करावी, नाहीतर दोन रंगांचे उजेड एकाच गालावर भांडतात. सावलीची बाजू फार गडद वाटली तर तिकडे थर्माकोलचा तुकडा धरावा. चेहरा हळूहळू वळवत न्यावा, पलीकडच्या गालावर डोळ्याखाली उजेडाचा छोटा त्रिकोण उरेपर्यंत. रेम्ब्राँच्या चित्रांवरून ओळखली जाणारी प्रकाशयोजना ती हीच.

एका छोट्या प्रदर्शनात असं एक छायाचित्र पाहिलं होतं. खिडकीशी बसून एक आजी सुपात तांदूळ निवडते आहे. खिडकी डावीकडे, मान खाली झुकलेली. अशा वेळी चेहरा अंधारात जायला हवा होता, पण सुपातल्या पांढऱ्या तांदळावरून परतलेला उजेड हनुवटी, ओठ आणि भुवयांच्या खालच्या बाजूपर्यंत पोचला होता. मागे फडताळ, त्यावरचे डबे, भिंतीवरचं कॅलेंडर, सगळं वाचता येईल इतकं स्पष्ट. चौकट थोडी वरून घेतलेली, त्यामुळे बोटं आणि डोळे एकाच तिरक्या रेषेत आले होते. रिफ्लेक्टर वापरला नव्हता, लागलाच नव्हता. आजी रोज कुठे बसते आणि तिथे कुठल्या वेळी उजेड येतो, हे काढणाऱ्याला ठाऊक होतं.

याउलट दिवाळीतले फोटो. सावळाराम हळदणकरांचं म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यातलं जलरंगातलं चित्र, हातातल्या दिव्याच्या उजेडात उभी असलेली स्त्री, मराठी घरांत छापील प्रतींमधून पिढ्यान् पिढ्या पोचलेलं आहे. दरवर्षी त्याच्या असंख्य छायाचित्र-आवृत्त्या निघतात. हळदणकरांच्या चित्राची सारी ताकद उजेडाच्या एकाच उगमात आहे. दिवा खाली, म्हणून चेहरा खालून उजळतो आणि ज्योतीआड धरलेल्या बोटांमधून तांबूस प्रकाश झिरपतो. फोटोंमध्ये मात्र हातात निरांजन असतं आणि चेहऱ्यावर वरून मारलेला एलईडी. नाकाची सावली ओठांवर पडते, म्हणजे उजेड दिव्याचा नाही, हे लगेच कळतं. रंगही जुळत नाही: ज्योतीचं रंगतापमान साधारण १९०० केल्विन, एलईडीचं ५५०० च्या आसपास. आजचे कॅमेरे आयएसओ ३२०० ला सहज काम करतात. दोन-तीन पणत्या चौकटीबाहेर खाली ठेवाव्यात. एलईडी लागलाच तर त्यावर नारिंगी जिलेटिन लावून तो दिव्याच्याच बाजूने, खालून द्यावा. तंत्र इतकंच, पण आधी चित्र नीट पाहायला हवं.

सर्वांत गंभीर प्रश्न कांतीचा. कॅमेऱ्याचं मीटर समोरचं दृश्य सरासरी करड्या छटेचं धरून चालतं, म्हणून पांढऱ्या भिंतीपुढची सावळी व्यक्ती काळपट येते. रंगीत फिल्मच्या काळात प्रयोगशाळा ज्या नमुना-कार्डांवर रंग जुळवत, त्यांवर बहुतांशी गोऱ्या स्त्रियांचेच चेहरे असत. गुगलने २०२१ साली आपल्या फोनमध्ये गडद त्वचेसाठी वेगळी सुधारणा आणली, यावरून हा दोष किती काळ चालू राहिला ते दिसतं. आपल्याकडे त्यावर उपाय म्हणून ब्युटी मोड चालतो आणि हौशी एडिटिंगमध्ये चेहरा सर्रास उजळ केला जातो. मुलगी सावळी आणि तिचा फोटो गोरा, असे फोटो घराघरांत आहेत. हा फोटोतून केलेला अपमान आहे आणि तो आपण थांबवला पाहिजे. सावळ्या कांतीचा आकार उलगडतो तो तिच्यावरच्या चमकेतून. त्यासाठी बाजूने येणारा मोठा, मऊ उजेड हवा आणि एक्स्पोजर त्या चमकेवर बेतायला हवं.

उसनवारीचे आदर्श कमी प्रतीचे आहेत असं मुळीच नाही. दादरच्या इंडिया फोटो स्टुडिओत जे. एच. ठक्कर यांनी सिनेतारकांना दिलेला कडक, नाट्यमय उजेड आणि गौतम राजाध्यक्षांचा (१९५०–२०११) मऊ, तुकतुकीत उजेड या दोन्ही शैली आपल्या अभिमानाच्या आहेत. पण त्या पडद्यावरच्या प्रतिमेसाठी घडल्या. राजाध्यक्षांच्या ‘चेहरे’ या पुस्तकात छायाचित्रांसोबत त्या माणसांवरचं लेखनही आहे. त्यांच्याकडून घ्यायची असेल तर माणसाविषयीची ही आस्था घ्यावी.

स्पर्धा आणि मंडळांवरही याची जबाबदारी आहे. परीक्षकांसमोर एकेक फोटो काही सेकंदच राहतो, तेव्हा गडद काळोख आणि भडक रंग जिंकतात आणि पुढच्या वर्षी तसेच फोटो येतात. मंडळांनी सुट्या फोटोंऐवजी एकाच माणसाची दहा छायाचित्रं मागवावीत: वेगवेगळ्या ऋतूंतली, वेगवेगळ्या उजेडांतली. फोटोखाली ‘सुरकुत्यांची गाथा’ असलं शीर्षक नको. त्या माणसाच्या संमतीने त्याचं नाव, गाव आणि काम लिहावं. ज्याचं नाव विचारलेलं नाही त्याचं व्यक्तिचित्र स्पर्धेत घेऊ नये, असा नियमच करावा. असा नियम झाला तर छायाचित्रकाराला थांबावं लागेल, बोलावं लागेल आणि त्या माणसाच्या घरी कुठल्या वेळी कुठून उजेड येतो तेही पाहावं लागेल. मराठी हौशी छायाचित्रणाकडे कसब आता भरपूर आहे. हे कष्ट घेतले तर या कामातून आपल्या काळातल्या माणसांची विश्वासार्ह नोंद उभी राहील, आणि ती नोंद बाहेरून आलेला कोणताही व्यावसायिक करू शकणार नाही.