स्निग्ध, रूक्ष आणि ‘उबदार’ : एका श्रवणबैठकीच्या टिपणवहीची चिकित्सा

ध्वनीच्या गुणांचे वर्णन करण्यासाठी स्वतःच्या मालकीचे असे शब्द कोणत्याही भाषेपाशी थोडेच असतात. मराठीत गळा ‘गोड’ असतो, आवाज ‘जाड’ किंवा ‘पातळ’ असतो, सूर ‘धारदार’ लागतो, तान ‘दाणेदार’ येते. यांतला एकही शब्द मुळात कानाचा नव्हे. जिव्हा, त्वचा आणि दृष्टी यांच्याकडून तो उसना आणलेला आहे. स्टीफन उल्मन यांनी १९५१ सालच्या आपल्या अर्थविचारविषयक ग्रंथात कवींच्या भाषेची छाननी करून असे दाखविले होते की, इंद्रियांमधील ही देवघेव सहसा एकाच दिशेने चालते. स्पर्श हा सर्वांत मोठा दाता आणि ध्वनी हा सर्वांत मोठा घेता. पुढे १९७६ मध्ये जोसेफ विल्यम्स यांनी हाच विचार शब्दांच्या ऐतिहासिक अर्थांतराला लावून पाहिला. तेव्हा ध्वनिवर्णन हे उसनवारीवर चालते, याबद्दल तक्रार करण्याचे कारण नाही. उसना शब्द नव्या घरी कशाचा निर्देश करतो, एवढाच प्रश्न चिकित्सकापुढे उरतो.

हा प्रश्न सर्वांत अडचणीचा होतो तो उंची श्राव्य-यंत्रांच्या रसिकांमध्ये. येथे विचारासाठी घेतलेली संहिता म्हणजे पुण्यातील एका निवृत्त अभियंत्याच्या घरी भरलेल्या बैठकीची टिपणवही. बैठकीचे प्रयोजन दोन प्रीॲम्प्लिफायरांची तुलना हे होते. एक यजमानांचा स्वतःचा, तीस वर्षे वापरलेला, व्हॉल्व्हचा. दुसरा एका स्नेह्याकडून आठवड्यापुरता आणलेला, ट्रान्झिस्टरचा, दोन लाखांच्या घरातला. जुना ठेवावा की नवा घ्यावा, याचा निर्णय व्हायचा होता. जमलेली मंडळी पाच : तीन जुने मित्र, एक इलेक्ट्रॉनिक्सचे अध्यापक, आणि यजमानांचा तंबोरा दुरुस्त करून घेऊन त्याच दिवशी आलेला, जवारी लावणारा एक मिरजेचा कारागीर. त्याला अगत्याने बसवून घेतले होते, इतकेच.

वहीच्या पहिल्या चार पानांवर जी विशेषणे येतात, ती अशी : व्हॉल्व्हचा आवाज ‘उबदार’, ‘भरदार’, ‘मंच खोल’, ‘गायक खोलीत येऊन बसल्यासारखा’, ट्रान्झिस्टरचा ‘कोरडा’, ‘स्वच्छ पण थंड’, ‘पडदा दूर झाल्यासारखा, परंतु पाठीमागे कोणी नाही’. शेवटच्या शब्दसमूहात अनवधानाने काव्य साधले आहे, हे मान्य केले पाहिजे. (ज्या घरात सतार वाजते, तेथे ‘पडदा दूर झाला’ याचा अर्थ वाद्य दुरुस्तीला द्यावे लागेल असाच होईल, हा भाग वेगळा.)

हे शब्द मराठी वळणाचे दिसले, तरी त्यांचे कूळ मराठी नाही. जे. गॉर्डन होल्ट यांनी अमेरिकेत १९६२ साली ‘स्टिरिओफाइल’ हे नियतकालिक काढले, ते यंत्राची परीक्षा मोजमापाच्या कोष्टकांवर न थांबता कानांनी करावी, या आग्रहातून. कानाने परीक्षा करायची म्हणजे निकाल शब्दांत द्यायचा. म्हणून शब्दांचा संग्रह करणे ओघानेच आले, आणि होल्ट यांनी तसा कोशही पुढे सिद्ध केला. १९७३ मध्ये हॅरी पिअर्सन यांनी ‘द ॲब्सोल्यूट साउंड’ सुरू केले आणि ध्वनिवर्धकाविना प्रत्यक्ष जागेत होणारे संगीत हाच अंतिम मानदंड ठरविला. या दोन प्रवाहांतून आलेली परिभाषा आज जगभरच्या दिवाणखान्यांत बोलली जाते. पुण्यातील वहीत तिचे मराठी भाषांतर आहे आणि ते शब्दशः आहे.

‘उबदार’ या शब्दापाशी थोडे थांबले पाहिजे. ज्या देशांत वर्षाचे सहा महिने शेकोटीजवळ काढावे लागतात, तेथे उष्णता हे आप्तभावाचे प्रतीक होणे स्वाभाविक आहे. मराठीत मात्र जिवाला ‘गारवा’ वाटतो, डोळे ‘निवतात’, मायेला ‘ओलावा’ असतो. तापलेला माणूस आणि तापलेला आवाज हे दोन्ही टाळण्याजोगेच. या भाषेच्या प्रदेशात ध्वनिगुणाचा जुना अक्ष उष्ण-शीत असा नसून स्निग्ध-रूक्ष असा आहे. देवगिरीच्या यादवांच्या आश्रयाने तेराव्या शतकात शार्ङ्गदेवाने ‘संगीतरत्नाकर’ रचला. त्याच्या प्रकीर्णकाध्यायात शब्दाचे, म्हणजे गायकाच्या आवाजाचे, पंधरा गुण आणि आठ दोष सांगितले आहेत. गुणांमध्ये मधुर, कोमल, गाढ, घन, स्निग्ध, श्लक्ष्ण ही नावे आहेत. दोषांमध्ये रूक्ष, स्फुटित, निःसार, कृश, भग्न ही आहेत. उष्ण हा गुण नाही आणि शीत हा दोषही नाही. वहीतला ‘कोरडा’ हा एकच शब्द या परंपरेशी नाते सांगतो. त्याच्या विरुद्ध टोकाला ‘ओला’ किंवा ‘स्निग्ध’ यावयास हवे होते. तेथे ‘उबदार’ आल्यामुळे जोडी मोडली आहे. कोरडेपणाचा विरोधी ऊब नव्हे, हे कोणतीही गृहिणी सांगेल.

परंतु यापेक्षा गंभीर अडचण दुसरी आहे. शार्ङ्गदेवाची विशेषणे गळ्याला लागतात, आणि गळा हा ध्वनीचा उगम आहे. प्रीॲम्प्लिफायर हा उगम नाही, तो वाहक आहे. तबकडीवरून सुई जो विद्युत्संकेत उचलते, तो चार-पाच मिलिव्होल्टांचा असतो. त्याला वाढवणे, आणि ध्वनिमुद्रणाच्या वेळी मंद्र भाग दाबून व तार भाग उचलून जी तडजोड केलेली असते, ती १९५४ साली रूढ झालेल्या आर.आय.ए.ए. मानकानुसार उलटी फिरवणे, हे त्याचे मूळ काम. त्याशिवाय कोणता स्रोत ऐकायचा आणि किती मोठ्याने, हे ठरवण्याच्या खुंट्या. १९५८ चा मारान्ट्झ ७ किंवा १९६७ चा क्वाड ३३ यांवर खर्ज आणि टीप कमी-अधिक करण्याच्या खुंट्याही होत्या. आवाजात हस्तक्षेप करणे हे त्या काळी या यंत्राचे उघड कर्तव्य होते. पुढे उंची यंत्रांतून त्या खुंट्या नाहीशा झाल्या. १९८२ नंतर आलेल्या कॉम्पॅक्ट डिस्कच्या यंत्रातून तर सुमारे दोन व्होल्टांचा सशक्त संकेत बाहेर पडू लागला, आणि वाढवण्याचे कामही पुष्कळ अंशी संपले. ‘वाढ देणारी नुसती तार’ हा या यंत्राचा आदर्श मानला जातो. ज्याचा आदर्श स्वतःचा आवाज नसणे हा आहे, त्याच्या आवाजाची चार पाने स्तुती व्हावी, हा विरोधाभास टिपणकर्त्याच्या ध्यानात आलेला दिसत नाही. कामे जसजशी घटत गेली, तसतशी विशेषणे वाढत गेली, असेच या परिभाषेच्या इतिहासावरून दिसते.

आता ‘मंच’. दोन ध्वनिक्षेपकांच्या मध्ये गायक, वादक आपापल्या जागी बसल्याचा भास होतो, त्याला ही मंडळी मंच म्हणतात. स्टिरिओ ध्वनिमुद्रणात हा भास खरा असतो आणि त्याची चर्चाही सार्थ असते. परंतु वहीच्या तिसऱ्या पानावर केसरबाई केरकरांच्या जुन्या मुद्रणाविषयी पुढील नोंद आहे : ‘व्हॉल्व्हवर तंबोरा डाव्या अंगाला, बाईंच्या किंचित मागे, स्पष्ट जाणवतो, ट्रान्झिस्टरवर सगळे एका रेषेत.’ ते मुद्रण एकमार्गी आहे. त्यात डावे-उजवे नाहीच. दोन्ही ध्वनिक्षेपकांतून एकच संकेत येतो. खोलीच्या एका भिंतीला खिडकी आणि दुसरीला पुस्तकांचे कपाट असेल, तर आवाज एका बाजूस झुकल्यासारखा वाटू शकेल. पण तो दोन्ही यंत्रांवर सारखाच झुकेल. येथे विशेषण निर्देशापासून सुटले आहे. ते ध्वनीतून आले नाही, अशा नोंदींच्या लेखनसंकेतातून आले आहे. मंचाबद्दल काही लिहिले नाही, तर नोंद अपुरी वाटते, म्हणून लिहिले.

एड्रिएन लेहरर या अमेरिकन भाषाशास्त्रज्ञ विदुषीने वाइनविषयीच्या संभाषणांवर १९८३ साली ग्रंथ लिहिला. त्यातील प्रयोगांत सामान्य रसिक विशेषणे मुक्तहस्ते वापरीत. पण एकाने केलेल्या वर्णनावरून दुसऱ्याने ती वाइन ओळखण्याचे प्रमाण यदृच्छेपेक्षा फारसे वर गेले नाही. तरीही संभाषण थांबले नाही, कारण माहिती देणे एवढेच त्याचे काम नव्हते. सहवास टिकवणे हेही होते. पुण्याच्या बैठकीतही हेच दिसते. जुने मित्र तीस वर्षे ज्या यंत्रावर यजमानांकडे गाणे ऐकत आले, ते ‘उबदार’ ठरले. हा शब्द यंत्राला लागू होवो न होवो, त्या घराला लागू होता. मात्र अशा वर्तुळात मतभेद करणे सोपे नसते. तानसेन होता आले नाही तरी कानसेन व्हावे, असे आपल्याकडे म्हणतात. आणि ज्याला फरक ऐकू येत नाही, त्याला कान नाही, असा निष्कर्ष निघण्यास वेळ लागत नाही. इलेक्ट्रॉनिक्सच्या अध्यापकांच्या वाट्याला तो पहिल्या तासातच आला. वहीत तसा उल्लेख आहे, थोडा खट्याळ शब्दांत.

त्यांनी वाद घातला नाही. एक हजार हर्ट्झचा स्वर लावून त्यांनी ध्वनिक्षेपकाच्या टोकांवर मीटर धरला. कानाने ‘सारखा’ लावलेला आवाज सारखा नव्हता; व्हॉल्व्हचे यंत्र ०.८ डेसिबेलने, म्हणजे व्होल्टेजच्या हिशेबाने सुमारे दहा टक्क्यांनी, पुढे होते. एवढा अल्प फरक कानाला ‘मोठा आवाज’ म्हणून जाणवत नाही. तो भरीवपणा, जवळीक, जिवंतपणा म्हणून जाणवतो. मोठेपणा कमी झाला की खर्जाकडचा भाग अधिक वेगाने कानाआड होतो, हे फ्लेचर आणि मन्सन यांच्या १९३३ च्या कार्यापासून ज्ञात आहे. म्हणजे ‘भरदार’ या शब्दाला निर्देश्य वस्तू होती. फक्त ती यंत्राचा स्वभाव नसून खुंटीचा कोन होती.

पातळी ०.१ डेसिबेलच्या आत आणून, कोणते यंत्र चालू आहे हे झाकून, सोळा-सोळा फेऱ्या घेतल्या गेल्या. यजमान व तिघे मित्र यांची अचूक उत्तरे अनुक्रमे नऊ, सात, दहा, आठ. अध्यापकांनी यावरून ‘फरक नाही’ असे वहीत लिहून टाकले आहे, आणि येथे त्यांचाही तोल गेला आहे. सोळा फेऱ्यांत फरक सिद्ध झाला नाही, यापलीकडे ते आकडे काही सांगत नाहीत. अभाव सिद्ध करणे हे निराळे आणि कितीतरी कष्टाचे काम आहे.

ते किती घाईचे होते, हे पुढच्याच ओळीत दिसते. मिरजेच्या कारागिराची उत्तरे सोळापैकी तेरा अचूक आली. निव्वळ योगायोगाने असे घडण्याचा संभव शंभरात सुमारे एक. त्याने आधी एकही विशेषण उच्चारले नव्हते. कारण विचारता तो म्हणाला, ‘साहेब, गाणं सुरू होण्याआधी तंबोरा ऐका. एकीवर पंचमाची तार हलतीय, दुसरीवर थिर हाय.’

ही तबकडी काळी एक पट्टीत गाणाऱ्या एका पुरुष गायकाची होती. काळी एकचा षड्ज १३८.६ हर्ट्झचा, तंबोऱ्याची पहिली तार मंद्र पंचमात, म्हणजे जवळजवळ १०४ हर्ट्झवर. भारतातील घरगुती वीज ५० हर्ट्झची. ती एकदिश करताना १०० हर्ट्झची घरघर निर्माण होते, आणि जुन्या यंत्रातला कंडेन्सर थकला की ती ध्वनीत उतरते. १०० आणि १०४ हे एकत्र वाजले की सेकंदाला चार हेलकावे उमटतात. इतरांना ती घरघर ऐकूच आली नाही. कदाचित तीच काही अंशी ‘ऊब’ म्हणून वहीत उतरली असेल, पण हे खात्रीने म्हणण्यास आधार नाही. ज्याचे आयुष्य तारेखालचा दोरा केसभर सरकवण्यात गेले, त्याला पंचम हलल्याचे कळणे क्रमप्राप्त होते. तंबोऱ्याच्या घोडीचा हा चमत्कार चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२१ साली अभ्यासिला होता. एका बिंदूवर छेडलेल्या तारेतून तेथे अनुपस्थित असावयास हवेत असे स्वरांशही निघतात, हे त्यांनी दाखविले. ज्या वाद्यात एवढी दाट स्वरांशसृष्टी आहे, त्याहून कठोर परीक्षक यजमानांना विकत मिळाला नसता.

‘हलतीय’ हे क्रियापद आहे. वहीतील बाकी सारी विशेषणे आहेत. विशेषण वस्तूला गुण चिकटवते आणि थांबते. क्रियापदाला काळ असतो, कर्ता असतो, आणि ते खोटे ठरू शकते. कारागिराचे विधान मीटरने तपासता आले ते त्यामुळेच. त्याचा शब्द उसना होता, तोही डोळ्याचा. परंतु तंबोरा लावण्याच्या व्यवहारात पिढ्यान्‌पिढ्या घासला गेल्याने त्याचा निर्देश पक्का झाला होता. ‘उबदार’ला मराठीत असा व्यवहार अद्याप लाभलेला नाही.

नवे यंत्र आठवड्याने परत गेले. त्याआधी व्हॉल्व्हच्या यंत्रातला कंडेन्सर बदलून पुन्हा सोळा फेऱ्या झाल्या, आणि या वेळी कारागिराची आठच उत्तरे अचूक आली. वहीच्या शेवटच्या पानावर यजमानांनी जुन्या यंत्रापुढची सारी विशेषणे एका रेघेने खोडली आहेत आणि खाली त्याचे दोनच शब्द उतरवून घेतले आहेत : ‘तार लागली.’