दोन पाठलाग

चित्रपटांतील मोटारींचा पाठलाग म्हटला कीं विचारी प्रेक्षक किंचित् नाक मुरडतो. चाकांची किंकाळी, वाटेंतील हातगाड्यांची त्रेधा आणि शेवटीं आगीचा लोळ, एवढेंच त्याचें सार, असा त्याचा समज असतो. आणि बहुतेक पाठलागांपुरता तो खराहि आहे. परंतु पीटर येट्स याचा 'बुलिट' (१९६८) पाहिल्यावर हें मत कायम ठेवणें कठीण जातें.

सुमारें ११ मिनिटांच्या या प्रसंगाची थोरवी वेगांत नसून वेगापूर्वींच्या संथपणांत आहे. सॅन फ्रान्सिस्कोच्या रस्त्यांतून दोन मारेकरी काळ्या डॉज चार्जरमध्यें बसून बुलिट या पोलीस अधिकाऱ्याच्या हिरव्या मस्टँगच्या मागावर असतात. गाड्या सावकाश चालतात; लालो शिफ्रिनचें संगीतहि दबक्या पावलांनीं बरोबर चालतें. मग बुलिट दिसेनासा होतो. मारेकरी गोंधळून इकडे तिकडे पाहतात, तोंच त्यांच्या आरशांत तीच हिरवी गाडी मागून येतांना दिसते! चार्जरचा चालक मुकाट्यानें कमरेचा पट्टा आवळतो, गाडी उसळते आणि संगीत थांबतें. यापुढें केवळ इंजिनांचा आवाज. त्या प्रसिद्ध उतारांवरून गाडी हवेंत उडून आदळते तेव्हां तिचें वजन आपल्या हाडांस कळतें.

चिकित्सकांनीं येथें पुष्कळ दोष मोजले आहेत. एकच हिरवी फोक्सवॅगन पुनःपुन्हां मागें पडते. चार्जरच्या चाकांवरील तबकड्या चारांहून अधिक वेळां निखळतात. तरीहि याच चित्रपटाच्या संकलनाबद्दल फ्रँक केलर यास ऑस्कर पारितोषिक मिळालें, आणि तें योग्यच झालें. तबकड्या मोजण्यास ज्यास सवड सांपडते, त्यानें पाठलाग पाहिलाच नाहीं असें आम्ही म्हणूं.

आमची तक्रार निराळी आहे. एक मोटारसायकलस्वार सोडल्यास या रस्त्यांवर जणूं माणसेंच नाहींत. मारेकरी पेट्रोलच्या भडक्यांत जळून मरतात, आणि स्टीव्ह मॅक्वीनच्या चेहऱ्यावर त्याची फारशी नोंद होत नाहीं. पाठलाग देखणा खरा, पण त्याची किंमत कोणीच देत नाहीं.

ती किंमत विल्यम फ्रीडकिन याच्या 'द फ्रेंच कनेक्शन' (१९७१) या चित्रपटांत द्यावी लागते. निर्माता तोच, फिलिप डॅन्टोनी. गाडी हांकणारा कसबी बिल हिकमनहि तोच, ज्यानें 'बुलिट'मध्यें तो पट्टा आवळला होता. येथें डॉइल हा पोलीस एका अनोळखी माणसाची मोटार हिसकावून घेतो आणि ब्रुकलिनमध्यें डोक्यावरील लोहमार्गानें पळणाऱ्या आगगाडीचा पाठलाग करतो. एक डोळा वर, एक रस्त्यावर. आणि त्याच रस्त्यावर बाबागाडी ढकलीत निघालेली एक स्त्री! जीन हॅकमन सुकाणूवर मुठी आपटतो, तेव्हां आपणांस गुन्हेगाराहून त्याचीच भीति अधिक वाटूं लागते. शेवटीं जिन्यावर पाठ फिरवून पळूं पाहणाऱ्या मारेकऱ्यास तो पाठींतच गोळी घालतो. एवढा जीवघेणा वेग कशासाठीं होता, तें त्या एका गोळीनें कळतें.

मात्र याच पाठलागाचा कांहीं भाग परवान्यावांचून, खऱ्या रहदारींत चित्रित झाला, हें विसरतां येत नाहीं. डॉइलच्या बेफिकिरीचें इतकें निर्दय चित्र काढणाऱ्या दिग्दर्शकानें रस्त्यावरच्या माणसांस विचारलें नव्हतें; डॉइलनेंहि विचारलें नव्हतें.