बुरशीचा गनिमी कावा : एका गाजलेल्या शोधाची उलटतपासणी

एखादी वैज्ञानिक गोष्ट ऐकायला फारच सुरस वाटू लागली, की तिच्याकडे जरा सावधपणे पाहावे. पिकांवर रोग आणणाऱ्या बुरशींबद्दल गेली काही वर्षे अशीच एक गोष्ट लेखांतून आणि व्याख्यानांतून सांगितली जाते. करडी बुरशी पानात शिरताना आरएनएचे इवलेसे तुकडे वनस्पतीच्या पेशीत सोडते. हे तुकडे वनस्पतीच्याच यंत्रणेत जाऊन बसतात आणि तिच्या संरक्षणाची जनुके मुकी करतात. किल्ल्याच्या पहारेकऱ्यांना किल्लेदाराच्याच शिक्क्याचा खोटा हुकूम दाखवून दरवाजा उघडून घ्यावा, तसा हा प्रकार. गोष्ट खोटी आहे असे मला म्हणायचे नाही. पण ती जितक्या ठामपणे सांगितली जाते, तितका भक्कम पुरावा तिच्यामागे आहे का, हे पाहणे आवश्यक आहे.

प्रथम जनुक मुके होते म्हणजे काय होते ते पाहू. जनुकातील माहिती संदेशवाहक आरएनएच्या रूपाने बाहेर पडते आणि तिच्याबरहुकूम प्रथिन तयार होते. पेशीत दुहेरी धाग्याचा आरएनए आढळला, तर डायसर नावाचे विकर त्याचे साधारण 20 ते 25 अक्षरांचे तुकडे करते. आर्गोनॉट हे प्रथिन अशा तुकड्याचा एक धागा धरून ठेवते आणि त्याच्याशी जुळणारा संदेश सापडला की तो कापते किंवा अडवते. जनुक जागच्या जागी शाबूत राहते, फक्त त्याचा आवाज बाहेर पोहोचत नाही. या संशोधनात बुरशींचा वाटा जुना आहे. 1992 साली रोममध्ये रोमानो आणि माचिनो यांनी न्यूरोस्पोरा या नारिंगी बुरशीत रंगाच्या जनुकाच्या जादा प्रती घातल्या, तेव्हा रंग गडद होण्याऐवजी काही वसाहती चक्क पांढऱ्या पडल्या. दुहेरी धाग्याच्या आरएनएची कामगिरी पुढे 1998 मध्ये फायर आणि मेलो यांनी सूत्रकृमीत दाखवली. त्याबद्दल त्यांना 2006 चे नोबेल पारितोषिक मिळाले.

आता मूळ शोधाकडे वळू. करड्या बुरशीचे शास्त्रीय नाव बोट्रायटिस सिनेरिया. द्राक्षे, स्ट्रॉबेरी, टोमॅटो, हरभरा अशा 200 हून अधिक वनस्पतींवर ती रोग आणते. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या रिव्हरसाइड येथील हैलिंग जिन, आर्ने वायबर्ग आणि सहकाऱ्यांनी 2013 साली 'सायन्स' या नियतकालिकात आपला निबंध प्रसिद्ध केला. त्यातील पुरावा मुख्यतः चार प्रकारचा होता. एक, रोगट अरॅबिडॉप्सिसमधील आर्गोनॉट प्रथिन वेगळे काढले, तेव्हा त्याला बुरशीचे आरएनए तुकडे चिकटलेले आढळले. दोन, हे तुकडे ज्या जनुकांशी जुळत होते, त्यांतील काही संरक्षणाशी संबंधित जनुके संसर्गात मंदावली. तीन, हेच तुकडे वनस्पतीला स्वतःच तयार करायला लावले, तेव्हा ती रोगाला अधिक बळी पडली. चार, बुरशीची दोन्ही डायसर जनुके काढून टाकली, तेव्हा तिची रोग निर्माण करण्याची ताकद घटली.

मांडणी कसोशीची आहे, यात शंका नाही. डायसर काढल्याने बुरशी नुसतीच अशक्त झाली असेल, हा आक्षेपही लेखकांनी ध्यानात घेतला होता. एकच डायसर काढलेल्या बुरशीची वाढ मंदावली तरी तिने आणलेला रोग कमी झाला नाही, हे त्यांनी दाखवले. तरीही हे चार धागे सारख्या वजनाचे नाहीत. तिसऱ्या प्रयोगावरून एवढेच कळते की असा तुकडा वनस्पतीत असला तर तो अपाय 'करू शकतो'. प्रत्यक्ष शेतात, बुरशी सोडते तेवढ्याच मात्रेत तो अपाय 'करतो' का, हा वेगळा प्रश्न आहे. या दोन क्रियापदांमधले अंतर आपण फार चटकन ओलांडतो. दुसऱ्या धाग्याचेही तसेच. संसर्ग झाला की वनस्पतीची अनेक जनुके एरवीही वरखाली होतात. त्यातले एखादे बुरशीच्या तुकड्याशी जुळले, एवढ्याने तो तुकडाच कारण ठरत नाही. मग सगळा भार येतो चौथ्या धाग्यावर. शस्त्र काढून घेतल्यावर शत्रू दुबळा झाला, तरच ते शस्त्र कामाचे होते असे म्हणता येईल.

नेमका हाच धागा 2023 मध्ये ताणला गेला. नेदरलँड्समधील वाखेनिंगेन येथील यान फान कान यांच्या गटाने टोमॅटोवर काम केले. करड्या बुरशीचे 7042 आरएनए तुकडे टोमॅटोच्या 3185 संदेशांशी जुळू शकतील, असे गणिताने निघाले. त्यांपैकी संसर्गाच्या सुरुवातीच्या काळात मंदावलेली जनुके निघाली 163, म्हणजे शेकडा पाच. पुढे त्यांनीही दोन्ही डायसर जनुके काढलेली बुरशी स्वतंत्रपणे तयार केली. तिच्यातील उड्या मारणाऱ्या जनुकांपासून बनणारे तुकडे 99 टक्क्यांहून अधिक घटले. आणि तरीही, तपासलेल्या कोणत्याही वनस्पतीवर तिची रोगकारक शक्ती लक्षणीय कमी झाली नाही! तेच शस्त्र काढून घेतले आणि शत्रू होता तसाच राहिला.

मग 2013 चा निष्कर्ष मोडीत काढावा का? तीही घाई ठरेल. 2022 साली जर्मनीत याच बुरशीची विषे व पेशीमारक प्रथिने बनवणारी 12 जनुके एकदम काढून टाकण्यात आली. ती बुरशी दुबळी झाली, तरी रोग आणतच राहिली. इतकी शस्त्रे बाळगणाऱ्या बुरशीचे एक काढून घेतल्याचा परिणाम आपल्या मोजमापात न दिसणे अगदी शक्य आहे. 2023 मध्येच वायबर्ग यांच्या म्युनिकमधील गटाने आरएनएच्या प्रती काढणारे बुरशीचे एक विकर बंद केले. तेव्हा तिचे तुकडे घटले आणि रोगही घटला. शिवाय असे सात तुकडे अडवणारी अरॅबिडॉप्सिस तयार केली, तेव्हा तिच्यावरील संसर्ग कमी झाला. म्हणजे आज दोन्ही बाजूंना प्रत्यक्ष प्रयोग उभे आहेत. सर्व रोगकारक बुरशींना ही युक्ती लागतेच असेही नाही. मक्यावर काणी आणणाऱ्या उस्टिलागो मेडिस या बुरशीजवळ डायसरही नाही आणि आर्गोनॉटही नाही, तरी ती आपले काम चोख करते.

हा वाद प्रयोगशाळेपुरता राहत नाही, कारण त्याच्या जोरावर फवारणीची स्वप्ने पाहिली जात आहेत. येथे दोन गोष्टींची गल्लत होते. बुरशी निसर्गतः आपला आरएनए वापरते का, हा एक प्रश्न. आणि आपण बाहेरून आरएनए देऊन बुरशीचे जनुक मुके करू शकतो का, हा दुसरा. 2016 मध्ये जर्मनीत सातूच्या पानांवर दुहेरी धाग्याचा आरएनए फवारून फ्युजेरियम बुरशीची वाढ रोखली गेली. तिथे लक्ष्य होते बुरशीच्या पेशीपटलाला लागणारे जनुक. त्या यशाला गनिमी काव्याच्या गोष्टीची गरज नाही. त्याच वर्षी जिन यांच्या गटाने करड्या बुरशीची डायसर जनुके मुकी करणारा आरएनए फळांवर, भाज्यांवर व फुलांवर लावून रोग कमी केल्याचे दाखवले. परंतु डायसर जनुके समूळ काढूनही रोग घटत नसेल, तर ती नुसती मुकी केल्याने तो का घटावा? हे कोडे सुटल्याशिवाय ही विशिष्ट फवारणी शेतकऱ्याला खात्रीने सुचवता येणार नाही. फवारणीचा खर्च आणि हंगाम त्याचा असतो, आपला नव्हे.

बारावीला जीवशास्त्र शिकवणाऱ्यांनी तंबाखूच्या मुळांतील सूत्रकृमीचे उदाहरण अनेकदा सांगितले असेल. त्याच्या जोडीला करड्या बुरशीचेही जरूर सांगावे, पण पूर्ण झालेली गोष्ट म्हणून नव्हे. 2013 आणि 2023 चे निष्कर्ष फळ्यावर समोरासमोर मांडावेत आणि विद्यार्थ्यांना विचारावे : कोणता प्रयोग केला म्हणजे हा वाद मिटेल? एखादा म्हणेल, दोन्ही गटांनी आपापल्या बुरशींची अदलाबदल करावी, आणि तेच रोप, तेच तापमान व बीजाणूंची तीच संख्या ठेवून पुन्हा मोजावे. असे उत्तर आले तर त्या विद्यार्थ्याला आर्गोनॉटचे स्पेलिंग आले नाही तरी चालेल.